टर्बो बदलण्याआधी ब्रीदर पाइप उघडा

गाडीची डिपस्टिक (इंजिन तेलाची पातळी बघायची पट्टी) जागेवरून बोटभर वर आलेली दिसली, तेव्हाच मला शंका आली. मेस्त्रींचं मात्र ठरलं होतं: "निळा धूर मारतेय, टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) ओलं आहे. टर्बो गेला साहेब, नाहीतर रिंगा." पण नुसता टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला तर डिपस्टिक कशाला उठेल? चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल असतं तिथे, दाब साठल्याशिवाय ती वर येत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी दाब वाढतो, हे खरं. म्हणून आधी कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही सिलिंडरचं सारखं आलं, म्हणजे रिंगांवरचा संशय मिटला.

पिस्टनच्या रिंगा कितीही धड असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजात त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्याची बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर पाइप. साध्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डची (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळकांड्याची) ओढ हा वायू खेचून घेते. टर्बो गाडीत भानगड अशी, की ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब येतो. म्हणून दोन वाटा ठेवलेल्या असतात. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, वायू वन-वे व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडे जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की तो व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपात शिरतो.

या वाटा तुंबल्या की पहिला बदनाम होतो टर्बो. त्याच्या बेअरिंगमधलं तेल नुसत्या उताराने चेंबरमध्ये परत येतं, तिथे पंप नसतो. खाली दाब असला की ते अडतं आणि सीलवरून एक्झॉस्टमध्ये आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) जातं. धूर निळा, टर्बो ठणठणीत.

खात्री करायला इंजिन आयडलला ठेवलं, तेलाचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ पिशवी धरली. ती आत ओढली जायला हवी होती. फुगली.

उघडायचं काम कटकटीचं आहे. माझ्या १.८ लिटर टर्बो पेट्रोलमध्ये नळ्यांचं हे जाळं मॅनिफोल्डच्या खाली आहे, हात सोलवटतात. कारखान्यातल्या क्लिपा एकदाच दाबायच्या असतात. त्या कापल्या आणि स्क्रूने आवळायच्या ज्युबिली क्लिपा लावल्या. एक नळी उष्णतेने इतकी कडक झाली होती, की हातात तुकडाच आला. नाना पेठेतून नवी आणली. दुकानदार हीटरची नळी देत होता, ती घेऊ नका. तेलाने मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. तेल सोसणारीच मागा.

आत पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर होता, त्याखाली काळा चिकट गाळ. पांढरं ते पाणी आणि तेल घुसळून झालेलं. कोथरूड ते एरंडवणे एवढंच माझं ऑफिस. पावसाळ्यात इंजिन तापायच्या आत गाडी बंद होते आणि वाफेचं नळीतच पाणी होतं. कमी चालवलेली गाडी चांगली राहते असं आपल्याकडे उगाच मानतात.

प्लास्टिक आणि धातूचे भाग डिझेलमध्ये भिजवले, रबर मात्र साबणाच्या गरम पाण्यात. रबरावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा) मारला तर ते फुगतं. बाटल्या धुवायचा ब्रश पुरतो. तार घालू नका, नळी आतून फाटते. सगळं खडखडीत वाळवून मगच बसवायचं. वन-वे व्हॉल्व्ह धुऊन दोन्ही बाजूंनी फुंकून बघायचा. हवा दोन्हीकडून गेली तर तो फेकून द्या, नाहीतर बूस्ट थेट चेंबरमध्ये घुसेल. माझा तसाच निघाला.

जोडून झाल्यावर तेल आणि फिल्टर बदलला. पिशवी आता आत ओढली गेली. धूर मात्र लगेच थांबला नाही: इंटरकूलर उतरवून त्यातलं तेल ओतून काढलं, आणि सायलेन्सरमधलं जळून जायला गाडी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारा खंबाटकी घाट चढवून आणली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग दाबाने निकामी झालंच होतं, ते पुढच्या आठवड्यात बदललं.