काढलेल्या लिव्हरचा रिपोर्ट नीट वाचा

कॅन्सरसाठी लिव्हर ट्रान्सप्लांट झालं की घरचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवतात. पुढची वाटचाल सांगणारा कागद मात्र वेगळाच असतो: काढून टाकलेल्या लिव्हरचा बायोप्सी रिपोर्ट. तो मागून घ्या.

ट्रान्सप्लांट करायचं की नाही हे ठरवायला आधी मिलान निकष लावतात. एकच गाठ असेल तर 5 सेंमीपर्यंत, अनेक असतील तर जास्तीत जास्त 3 आणि प्रत्येक 3 सेंमीपर्यंत. मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही, बाहेर पसरलेला नाही. 1996 साली इटलीतल्या मिलानचे सर्जन मझाफेरो यांनी 48 रुग्णांवरून हे मांडलं, तेव्हा 4 वर्षं जगण्याचं प्रमाण 75 टक्के आलं. पण हे सगळं स्कॅनवर ठरतं, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेला कॅन्सर स्कॅनवर कळत नाही. तो कळतो लिव्हर कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

म्हणून ट्रान्सप्लांटनंतर रिट्रीट स्कोअर काढतात, म्हणजे कॅन्सर परतण्याचा धोका सांगणारे गुण. ट्रान्सप्लांटच्या वेळचा एएफपी (लिव्हर कॅन्सरची खूण दाखवणारं रक्तातलं प्रोटीन, ng/mL मध्ये) 20 पर्यंत असेल तर 0 गुण, 21 ते 99 ला 1, 100 ते 999 ला 2, 1000 किंवा वर 3. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव असेल तर 2. मग सर्वांत मोठ्या जिवंत गाठीचे सेंमी अधिक जिवंत गाठींची संख्या: बेरीज 5 च्या आत 1, 5 ते 10 च्या आत 2, पुढे 3. टेसने (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करण्याच्या उपचाराने) पूर्ण मेलेली गाठ मोजत नाहीत. एकही जिवंत नसेल तर 0. एकूण 0 आला तर 5 वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता 3 टक्क्यांच्या आसपास, 5 किंवा जास्त आला तर 75. दोघांचं ऑपरेशन सारखंच झालेलं असतं, बरं का!

परतलाच तर बहुतेकदा पहिल्या 2 वर्षांत, आणि फुप्फुसात किंवा हाडातही. त्यामुळे नुसत्या पोटाच्या सोनोग्राफीवर भागवू नका. छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी आणि एएफपी, डॉक्टरांनी ठरवलेल्या तारखेलाच.

आता टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. 12 तासांनी घ्यायच्या गोळीची रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसआधी तपासतात. रात्री 9 ला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी 9 च्या सुमारास. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सॅम्पलवाला अडकला तरी आधी गोळी घेऊ नका. नाहीतर लेव्हल खोटी जास्त येते, डोस कमी होतो आणि रिजेक्शनला, म्हणजे शरीराने लिव्हर नाकारण्याला, वाट मिळते. उलट डोस विनाकारण जास्त राहिला तर किडनीला त्रास होतो, आणि प्रतिकारशक्ती फार दबली तर कॅन्सरलाही मोकळं रान मिळतं.

पावसाळ्यात ठाण्यात नायट्यावर इट्राकोनॅझोल सर्रास लिहून देतात. त्याने ही लेव्हल झपाट्याने चढते. टीबीच्या रिफाम्पिसिनने कोसळते. पपनसानेही लेव्हल चढू शकते, म्हणून ते बंद. गुळवेलही नको, कारण तिने लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतच नोंदले गेले आहेत. गल्लीतल्या डॉक्टरांना खोकल्याबद्दल सांगण्याआधी टॅक्रोलिमस चालू असल्याचं सांगा.