तोगित्सु ते निशिझाका

जपानमधल्या तोगित्सुच्या किनाऱ्यावर फादरांनी प्रार्थना सुरू केली आणि पाऊस लागला. १५९७ च्या ४ फेब्रुवारीची रात्र श्रद्धेसाठी क्रूसावर मारल्या गेलेल्या सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांनी इथेच होड्यांमध्ये काढली, बांधलेल्या हातांनी. सकाळी उतरवून त्यांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीकडे चालवत नेलं. क्योतोहून निघून तेव्हा महिना होत आला होता. ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटर, डावा कान कापलेला. आम्ही चालणार होतो तो फक्त शेवटचा टप्पा, जेमतेम बारा किलोमीटर, तोही रेनकोट घालून.

पहिली जपमाळ चांगली झाली, दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या यातनांवरचं ध्यान. मग मोठा रस्ता लागला. ट्रक चिखलपाणी उडवत जात होते. गटातले एक काका मोबाईलवर भक्तिगीतं लावून चालत होते, आवाज पूर्ण वाढवून. नमो मारिया ओठांवर आणि डोक्यात संताप, असे कितीतरी मणी गेले.

दुपारपर्यंत ओल्या मोज्यात टाच सोलून निघाली. मी मागे पडले. एका छोट्या दुकानाच्या पायरीशी टेकले तर आतून एक आजी आल्या. माझ्या पायाकडे पाहिलं, आत गेल्या, स्टूल घेऊन आल्या. मोजा त्यांनीच काढला. टाच कोरडी केली, प्लास्टर पट्टी काढली आणि लावायच्या आधी कात्रीने तिचे चारही कोपरे गोल कापले, म्हणजे बुटात घासून ती उचलली जाणार नाही. मग बोटाने कडा दाबत बसल्या, एकेक कड, सावकाश. सगळा वेळ माझ्याशी बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी आपली आरिगातो, आरिगातो करत राहिले. गरम चहाची बाटली हातात कोंबली. पैसे काढले तर रागावल्याच.

तिथून उठले आणि त्या सव्वीसांतला गोन्सालो गार्सिया मला पहिल्यांदा माणूस म्हणून दिसला. आपल्या वसईचा संत हे लहानपणापासून ऐकत आलोय. जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानात सेवा, मग व्यापारात बसलेला जम, आणि तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर होणं, हे सगळं पाठ आहे. १५९३ मध्ये तो परत जपानात आला तो फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषा म्हणून. म्हणजे त्याला सगळं कळत होतं! बरोबरचा फिलिप तर मेक्सिकोला निघालेला, जहाज भरकटून जपानला लागलं म्हणून पकडला गेलेला; रस्त्यावरचं बोलणं त्याला काय समजणार? पण लोकांना जरब बसावी म्हणून या सगळ्यांना गावोगाव फिरवलं, तेव्हा गर्दीतला प्रत्येक टोमणा गोन्सालोच्या थेट काळजात गेला असणार. ज्यांच्यासाठी व्यापार सोडला, त्यांच्याच तोंडून. आणि तरी तो चालत राहिला. क्रूसावरचं मरण काही वेळाचं. श्रद्धेची किंमत त्याने रोज, गावागणिक मोजली, असं मला वाटतं.

उराकामीचं कॅथेड्रल डावीकडे राहिलं. १९४५ चा अणुबॉम्ब तिथेच जवळ फुटला. थांबायला वेळ नव्हता.

निशिझाकाला चढ आहे, फार नाही, पण टाचेला पुरेसा. वर १९६२ साली उभारलेलं स्मारक, भिंतीवर ओळीने सव्वीस ब्राँझचे पुतळे, बहुतेकांचे हात जोडलेले. गटातले सगळे गोन्सालोपुढे फोटो काढत होते. मी त्याच सव्वीसांतल्या लुईसपुढे अडकले. बारा वर्षांचा. श्रद्धा सोड, जीव वाचेल, असं अधिकाऱ्याने त्याला सांगितलं होतं; त्याने नकार दिला आणि आपला क्रूस कुठला ते विचारलं. माझा धाकटा तेवढाच आहे. मी तिथे असते तर गर्दीतून ओरडले असते, हो म्हण बाळा, नंतर पाहू. हे मला त्या पुतळ्यासमोर स्वच्छ कळलं आणि रडू आवरेना.

मिस्साला, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेला, अवकाश होता. मी मागणं मांडायला घेतलं: माझ्या लेकाची श्रद्धा टिकू दे, आणि वेळ आलीच तर मला त्याच्या आड येऊ देऊ नकोस. पहिलं म्हणून झालं. दुसरं तोंडातून निघेना. ते मिस्सात, अर्पणाच्या वेळी, कसंबसं म्हटलं.