तुम्ही विचारलंत म्हणून : बुधवारचा खिमा

शाळेच्या स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, तुम्ही शाळा करून बुधवारी रात्री खिमा कसा काय करता? आमच्याकडे मटण म्हटलं की रविवारचा अर्धा दिवस जातो. आणि रोजच्या दिवशी एवढं जड खाऊन सकाळी उठवतं कसं?’ टेक्सासला राहणारी माझी भाची हेच जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारते : ‘मावशी, इथं ग्राउंड बीफ कुठल्याही दुकानात मिळतं, पटकन होतं. पण त्याला आपल्याकडची चव येत नाही आणि वर तेलाचा तवंग येतो. काय करू?’ दोघांनाही एकदाच उत्तर देते.

आधी आमच्या घरात कसला खिमा येतो ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६च्या कायद्यानं होतीच. २०१५च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे भुसावळात ज्याला बड्याचं म्हणतात ते म्हशी-रेड्याचं असतं. आमच्याकडे ते चालतं, बोकडाचंही चालतं. भुसावळ रेल्वेचं गाव. क्वार्टरच्या एकाच जिन्यावर चार तऱ्हेची स्वयंपाकघरं असतात, त्यामुळे कोण काय खातं याची चौकशी आम्ही फारशी करत नाही. तुमच्याकडे फक्त बोकडाचं चालत असेल तर खाली लिहिलेलं सगळं त्यालाही लागू पडेल. फरक चरबीचा. बड्याचं मांस मुळात कोरडं, चरबी कमी. बोकडाच्या खिम्यात दुकानदार चरबीचे तुकडे सहज ढकलतात, म्हणून खांद्याचा नाहीतर रानेचा, म्हणजे मांडीचा, तुकडा दाखवून घ्यायचा आणि समोर मशीनला लावायला सांगायचं.

तो तुकडा मशीनला लावण्याआधीच धुवून घ्या. घरी आणून खिमा चाळणीत धुण्याची आपल्याकडे फार सवय आहे आणि माझा तिला विरोध आहे. धुतलेला खिमा पाणी धरून बसतो, कढईत परतला जात नाही, शिजतो नुसता. शिवाय त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, सगळीकडे.

आता मुख्य गोष्ट. रविवारचं मटण आणि बुधवारचा खिमा यांची गल्लत केली की वेळही जातो आणि पोटही जड होतं. रविवारी आपण कांदा-खोबरं भाजतो, ओलं वाटण वाटतो, ते तेल सुटेपर्यंत परततो आणि वर लाल तर्री आली की धन्य होतो. ती तर्री म्हणजे तेल आणि चरबीच की! सुक्या खोबऱ्यात तर निम्म्याहून जास्त तेलच असतं. मी तर्रीच्या विरोधात नाही, माहेरी मी तर्रीसाठी भांडलेली आहे. पण ती रविवारी. कामाच्या दिवशी खिम्याला रस्सा करायचाच नाही. सुका करायचा आणि त्यात त्याच्या वजनाइतकी, जमल्यास दीडपट, भाजी किंवा डाळ घालायची. चार माणसांत पाव किलो खिमा. पाव किलोत चार जण म्हटलं की पाहुणे एकमेकांकडे बघतात, पण पानात वाढल्यावर कुणाला कमी पडत नाही, कारण मांसाची चव सगळ्या भाजीला लागलेली असते.

ती चव लागते कशी, तर क्रमामुळे. आपण सगळ्या बायका आधी कांदा टाकतो, मग आलं-लसूण, मग टोमॅटो, मग त्या पाणचट गोळ्यात खिमा, वर झाकण. असा खिमा राखाडी होतो आणि त्याला उग्र वास येतो. मी उलटं करते. लोखंडी कढई चांगली तापू द्यायची, बोकडाचा खिमा असेल तर तेलाचा थेंबही नको, बड्याच्याला चमचाभर शेंगदाणा तेल. खिमा पसरून टाकायचा आणि हात आवरायचा. दोन-तीन मिनिटं हलवायचं नाही. आधी पाणी सुटेल, चुरचुर आवाज मंदावेल. पाणी आटलं की आवाज पुन्हा चढतो आणि तळाशी तपकिरी खरवड धरते. भांड्यात पाणी आहे तोवर खिमा शंभर अंशांच्या पुढे तापत नाही, आणि खमंगपणा यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं, एवढंच त्यामागचं कारण. खरवड धरली की उलथन्यानं गठळ्या फोडायच्या, मग चिरलेला कांदा. कांद्याच्या पाण्यानं खरवड सुटते. मग ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची. टोमॅटो मी घालत नाही, तुम्ही घाला.

आणि आता काळा मसाला. खानदेशात राहून हा बाहेरून पुडीत आणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मैत्रीही जेमतेम ठेवते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला एकदाच होतो : धणे, जिरे, लाल मिरची, मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, तमालपत्र, दगडफूल, तीळ, खसखस आणि विस्तवावर काळं होईपर्यंत भाजलेली खोबऱ्याची वाटी. प्रत्येक घराचं माप वेगळं, तेव्हा माझं सांगत बसत नाही. दगडफूल मात्र कमी करू नका, तो मातकट, धुरकट वास त्याचाच. सांगायचं ते एवढंच की रविवारी जे दीड तासात वाटणातून मिळवता, ते सगळं या डब्यात आधीच भाजून ठेवलेलं आहे. बुधवारी दोन चमचे काढले की झालं. आच कमी करून, आधी पाण्याचा हबका मारून मग मसाला टाका. तापल्या लोखंडावर कोरडा टाकलात तर तो जळून कडू होतो. एवढं होईपर्यंत घड्याळात फार तर वीस मिनिटं झालेली असतात.

भाजी कोणती, तर बाजारात जी असेल ती, पण प्रत्येकीचा स्वभाव ओळखून. पावसाळ्यात गिलकी, म्हणजे घोसाळी. गिलकी पाणी सोडतात, त्यामुळे झाकण न ठेवता मोठ्या आचेवर. खिमा त्या पाण्यात मऊ होतो आणि वेगळं पाणी घालावं लागत नाही. थंडीत मेथी, भरपूर, अगदी शेवटी. पोकळा मिळाला तर त्याहून सोपं काही नाही. पण माझ्या मते खिम्याची खरी जोडीदारीण आंबाडी. आधी उकडून, पाणी पिळून टाकून, मग खिम्यात. तिचा आंबटपणा मांसाच्या उग्रपणाला बरोबर कापतो आणि टोमॅटोची गरजच उरत नाही. आंध्रात गोंगुरा मटण म्हणून जे नावाजलं जातं त्यातला गोंगुरा म्हणजे हीच आपली आंबाडी. आपण मात्र तिला कण्या घालून भाजीपुरती ठेवली.

हिवाळ्यात एक पाप मी नियमानं करते. जळगावकडची भरताची हिरवी वांगी येतात, मोठी, कमी बियांची. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मळ्यात काड्यांवर भाजलेल्या वांग्यांची भरीत पार्टी ही आमच्याकडची शाकाहारी सोहळ्याची गोष्ट. त्या भरतात मी परतलेला खिमा मिसळते. वांगं गॅसवर भाजून, सोलून, ठेचून, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, थोडे शेंगदाणे आणि त्यात खमंग खिमा. काळा मसाला इथं अजिबात नाही, भाजल्या वांग्याचा धूर पुरे. शेजारच्या काकूंनी हे ऐकलं तेव्हा ‘भरीत बाटवलंस गं!’ म्हणून कानाला हात लावला. मग वास आल्यावर खिडकीतून काय काय घातलंस ते नीट विचारूनही घेतलं. करणार नाहीत त्या, पण विचारलं.

भाजी नसली तर डाळ. चण्याची डाळ सकाळी भिजत टाकून शाळेला जायचं, संध्याकाळी खिम्याबरोबर कुकरला. आठवण राहिली नाही तर मसुराची, तिला भिजवणं नको. डाळीनं खिमा पुरवठ्याला येतो आणि पोटात चोथा (फायबर) जातो, जो मांसात मुळीच नसतो. बरोबर कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ घरात असतंच. ज्यांना भाकरी थापायचा कंटाळा आहे त्यांनी पोळी खावी, पाव नको. खिमा-पाव ही मुंबईची चैन आहे आणि तिथं ती शोभते.

‘पण हे पौष्टिक आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर आता देते, कारण डॉक्टरकडून रिपोर्ट आणलेली मंडळी तेवढ्यासाठीच विचारतात. तांबड्या मांसातलं लोह शरीराला भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा सहज मिळतं, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळतच नाही. आपल्याकडे मुली-बायकांचं हिमोग्लोबिन बघता ही गोष्ट लहान नाही. वरून लिंबू पिळा, त्यानं भाकरी-भाजीतलं लोहही जास्त घेतलं जातं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो ते अडवतो. दुसरी बाजूही तेवढीच खरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५मध्ये तांबड्या मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्यापुढे जाऊ नये असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो. आमच्या पाव किलोत माणशी साठ-बासष्ट ग्रॅम कच्चं येतं. आठवड्यातून दोनदा केलं तरी आपण मर्यादेच्या फार आत. जे रविवारी माणशी पाव किलो मटण खातात त्यांनी बुधवारच्या खिम्याला नावं ठेवावीत याची मला गंमत वाटते.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या भागावर असतात, मशीनमधून काढल्यावर ते आतबाहेर सगळीकडे जातात. म्हणून खिमा पूर्ण शिजायलाच हवा. अमेरिकेत त्यासाठी आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस असा आकडा दिलेला आहे, आणि नुसत्या रंगावर जाऊ नका असंही सांगतात. आपल्या पद्धतीनं परतून वाफ काढली की तो आकडा केव्हाच ओलांडला जातो. प्रश्न असतो त्याआधीचा. मे महिन्यात भुसावळात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. दुपारी घेतलेला खिमा पिशवीत घालून पार गावभर कामं करत फिरायचं नाही. घरी जाताना शेवटचं काम म्हणून घ्यायचा, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करायचा. जास्तीचा असेल तर पाव-पाव किलोच्या पिशव्या भरून हातानं चपट्या करून फ्रीजरमध्ये आडव्या ठेवा. गोळा ठेवलात तर तो विरघळायला रात्र घेतो. चपटी पिशवी सकाळी खालच्या कप्प्यात टाकली की संध्याकाळपर्यंत तयार.

भाचीसाठी चार ओळी वेगळ्या. तिकडं पाकिटावर ८०/२० किंवा ९०/१० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. शंभर ग्रॅम कच्च्या ८०/२० मध्ये सुमारे अडीचशे कॅलरी, ९०/१० मध्ये पावणेदोनशे. तुझा तवंग तिथून येतो गं, मसाल्यातून नाही. ९०/१० महाग असेल तर ८०/२० च आण, वर सांगितलं तसं तेलाशिवाय परत, सुटलेली चरबी वाडग्यात ओतून काढ, सिंकमध्ये नको, नळी तुंबेल. मग कांदा टाक. चरबीबरोबर थोडी चव जाते, म्हणून मसाला त्यानंतरच घालायचा, आधी नाही. गिलकी नसतील तर झुकिनी चालेल. पालक, कोबी तर मिळतोच. काळा मसाला आईकडून माग, माझा यंदाचा संपत आलाय.

राहता राहिला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : मुलं अशी भाजी घातलेला खिमा खातात का? मोठी खाते. धाकटा गिलक्याची एकेक फोड वेचून ताटाच्या कडेला रचून ठेवायचा आणि खिमा तेवढा चाटूनपुसून खायचा. आता मी गिलकी किसून घालते. त्याला वाटतं, मी ती घालणंच बंद केलं.