दुधाची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त भाव डॉक्टरांच्या गाडीला. ‘डॉक्टर यूज्ड, सिंगल ओनर’ म्हणताना एजंटाचा आवाजसुद्धा जरा निर्जंतुक होतो. त्याखालोखाल बँकवाले, मग रिटायर्ड मास्तर. मास्तरांच्या गाड्या जपून वापरलेल्या असतात हे खरं; पण त्या जपण्यापायी तिसऱ्या गिअरच्या पुढं कधी नेलेल्याच नसतात, हे कुणी सांगत नाही. मी स्वतः शाळेत शिकवते, मला ठाऊक आहे. कॉलेजच्या पोरांची गाडी शहाण्या माणसानं घेऊ नये म्हणतात. दूधवाल्याच्या गाडीला तर या उतरंडीत जागाच नाही. ती दुसऱ्या दूधवाल्याकडं जाते, नाहीतर भंगारात.

मी घेतली ती दूधवाल्याची. २००९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, काळी, टाकीवरचे पट्टे मांडीला घासून घासून उडालेले. गाडीचे मालक सांगलीजवळच्या एका खेड्यातले आण्णा. दाखवताना त्यांनी काही लपवलं नाही. हातानं सीट थोपटत म्हणाले, “मॅडम, गाडी दुधाची हाय. तिला पळायची सवय न्हाई. पन कधी थांबली बी न्हाई.”

मला पळायचं नव्हतंच.

जुनी गाडी घेताना आपण इंजिन बघतो, टायर बघतो, चेन ओढून बघतो. गाडीबरोबर आधीच्या माणसाच्या सवयीही येतात, त्या मात्र हळूहळू कळतात. माझ्या गाडीच्या हॉर्नचं बटण झिजून पार गुळगुळीत झालंय, त्यावरची खूण पुसलेली आहे. शेजारचं हेडलाइटच्या अप्पर-डिप्परचं बटण मात्र कालच शोरूममधून आल्यासारखं कोरं. म्हणजे गाडी रात्री फारशी बाहेर पडलेली नाही आणि पहाटे दारोदार हॉर्न वाजवत फिरलेली आहे. मागचे शॉकॲब्सॉर्बर इतके कडक करून घेतलेले की एकटीनं बसलं की खड्डा थेट मणक्याला कळतो. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असले की बहुतेक मऊ लागत असावेत. डाव्या फूटरेस्टचं रबर उजव्यापेक्षा जास्त गेलंय, कारण उतरताना सगळा भार तिकडं. दुसऱ्या गिअरमध्ये ती इतकी समाधानात चालते की वाटतं, हिचं सगळं आयुष्य या एकाच गिअरमध्ये गेलं असणार.

आणि साडी गार्ड नाही. त्या जागी कॅन अडकवायचा हूक वेल्डिंग करून घेतलेला. तो बघताना एक गोष्ट लक्षात आली. मोटारसायकलवर बाईची जी काही सोय आहे ती सगळी मागं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मागं बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं हवं. फार समंजस नियम आहे. पण पुढं बसलेल्या बाईची ओढणी कुठं जाते, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मी ती घरीच ठेवते. गार्ड मात्र नवं बसवून घेतलं, कारण माझ्याही मागं कुणीतरी बसेलच की.

मी मोटारसायकल शिकले ती भावाच्या सीडी १०० वर. हिरो होंडाची ही पहिली गाडी १९८५ साली आली आणि ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही जाहिरात आमच्या घरी वडिलांनी मंत्रासारखी पाठ केली होती. टू-स्ट्रोकच्या जमान्यात पेट्रोलबरोबर ऑइलचा हिशेब ठेवावा लागायचा, इथं ते लचांडच नव्हतं. त्या काळी विलिंग्डन कॉलेजात मुली यायच्या त्या सायकलवर, फार तर लुनावर. मोटारसायकलवर येणारी मी एकटीच नसेन कदाचित, पण दुसरी कुणी मला दिसली नाही. हरिपूरच्या रस्त्यावर भाऊ मागं बसून ओरडायचा, “क्लच हळू सोड गं!” आणि मी सोडायची धाडकन. पुढं लग्न झालं, कायनेटिक होंडा आली, मुलं झाली, ॲक्टिव्हा आली. स्कूटरनं मला काय दिलं याची यादी मोठी आहे : भाजीच्या पिशव्या, पुढं उभं राहिलेलं पोर, गॅसची टाकी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तिला माझी गरज नव्हती. मूठ पिळली की ती जायची, सोडली की थांबायची. गाडीत आपण काहीतरी करतोय, असं तिनं कधी वाटू दिलं नाही.

मोटारसायकल घेणार म्हटल्यावर लोकांनी सल्ले दिलेच. शोरूमवाल्या ओळखीच्या गृहस्थांनी, “वहिनी, इलेक्ट्रिक घ्या की, आवाज बी न्हाई,” म्हणून बघितलं. आवाज नको असता तर मी पायी गेले असते. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न गुडघ्यांचा निघाला. तो रास्त आहे. या गाडीला सेल्फ नाही, किक आहे. पण विशीत मारत होते तशी नुसती पायाची किक आता मारत नाही. गाडी मेन स्टँडवर चढवायची, किक हळूच दाबत जायचं. एका जागी ती कडक लागते, तिथून परत वर आणायची आणि मग सगळं अंग तोलून एकदा खाली. गुडघा मध्ये येतच नाही, काम वजनानं होतं. मेन स्टँडचंही तसंच. हातानं ओढायला गेलं की कंबर धरते. स्टँडच्या पट्टीवर पाय रोवून उभं राहिलं की गाडी आपणहून मागं चढते. विशीत ताकद होती म्हणून ही रीत कधी शिकावी लागली नव्हती.

पायाला सगळं आठवत होतं. सीडी १०० सारखेच स्प्लेंडरचे चारही गिअर पुढं दाबायचे, मागं टाचेनं उतरायचे. डोक्याला विचारायच्या आत पाऊल ते करून मोकळं. (भाच्याच्या पल्सरवर मात्र पहिला खाली आणि बाकीचे वर. ती मी एक चक्कर मारून त्याला नमस्कार करून परत दिली.) खरा प्रश्न डाव्या हाताचा होता. स्कूटरवर डाव्या मुठीला ब्रेक, मोटारसायकलवर क्लच. समोर कुत्रं आडवं आलं की इतकी वर्षं स्कूटर चालवलेला डावा हात आपोआप आवळला जातो. मोटारसायकलवर त्याचा अर्थ इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तोडणं. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते, तीसुद्धा नेमकी नको त्या क्षणी. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. “ॲक्टिव्हावरनं आलेली मान्सं हितंच पडत्यात,” म्हणाले. मग सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर, फक्कीनं आखलेल्या ट्रॅकवर मी नुसती थांबायची प्रॅक्टिस केली. चालवायची नाही, थांबायची. शिपाईमामा चहाचा कप घेऊन पायरीवर बसून बघत होते. त्यांना वाटलं गाडीत बिघाड आहे.

थांबण्यातली दुसरी गाठ भावानं मारून ठेवलेली : ‘पुढचा ब्रेक दाबलास तर हँडलवरून जाशील.’ आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना हेच शिकवलंय आणि ते आयुष्यभर मागच्या ब्रेकवर उभं राहून चाक घसरवत थांबतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. म्हणजे गाडी थांबवायचं मुख्य काम पुढचंच चाक करणार. एकदम आवळायचा नाही, वाळूवर आणि वळणावर तर मुळीच नाही, पण दाबत न्यायचा, मागच्याच्या जोडीनं. २०१९ नंतरच्या नव्या छोट्या गाड्यांत पायानं दाबलं तरी दोन्ही ब्रेक लागायची सोय सक्तीची झाली आहे. माझी त्याआधीची, त्यामुळे तिथं काम दोन्हीकडं मलाच करावं लागतं.

डोळ्यांचं प्रकरण मात्र कुणी सांगितलं नव्हतं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरून लांबचं, खालून जवळचं. स्पीडोमीटर खालच्या भागातून स्वच्छ दिसतो, पण पुढच्या चाकाशी आलेला खड्डाही त्याच भागात येतो आणि तो पाण्यात बुडाल्यासारखा लवतो. उपाय एकच, मान खाली घालून बघायचं, म्हणजे नजर वरच्या काचेतून जाते. त्यामुळे मी रस्त्यावर मान तुकवून चालल्यासारखी दिसते, जाणारे-येणारे मला फार विनयशील समजत असावेत. हेल्मेट घालताना चष्म्याच्या काड्या कानशिलात घुसतात, म्हणून आधी हेल्मेट, मग चष्मा. नवं हेल्मेट घ्यायला भाच्याबरोबर गेले तर तो रंग बघत होता आणि मी आयएसआयचा शिक्का. गाडी जुनी चालेल, हेल्मेट नाही.

अंधार पडल्यावर मी गाडी काढत नाही. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर इतका लोंबतो की मागचा दिवा असला तरी झाकून जातो. दरवर्षी रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, आणि तरी रात्री तो काळा डोंगर समोर उभा आहे हे दहा हातांवर येईपर्यंत कळत नाही, त्यातून समोरच्या मोटारीचे पांढरे दिवे डोळ्यांत. विशीत मी मिरजेहून रात्री नऊला आले असते. तेव्हा डोळे चांगले होते आणि अक्कल कमी.

गंमत म्हणजे तोच ऊस आता टाकीत येतो. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागले आणि इथेनॉल आमच्या भागातल्या कारखान्यांतूनही निघतं. माझी गाडी बनवताना मात्र कुणी त्याचा हिशेब धरलेला नव्हता. मिस्त्रींनी पेट्रोलची रबरी नळी बदलली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नका म्हणून बजावलं. थंडीत सकाळी चोक, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जरा जास्त पाजणारी कळ, ओढून किक मारायची, इंजिन तापेपर्यंत मिनिटभर थांबायचं, मग चोक आत. भाच्याच्या पिढीला चोक काय असतो माहीत नाही, त्यांचं सगळं फ्युएल इंजेक्शनवर, ते गाडीच बघते. मला ते मिनिट आवडतं. घराच्या फाटकाशी हेल्मेट हातात घेऊन उभं राहायला एक सबळ कारण मिळतं.

कागदपत्रांत फार अडचण आली नाही. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आण्णांच्या सह्या, चौदा दिवसांत विमा नावावर करणं. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की अंक उमटतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तेच. पंधरा वर्षं झाल्यावर आण्णांनी पर्यावरण कर भरून फेरनोंदणी करून घेतली होती, ती २०२९ पर्यंत चालते. माझा परवाना पन्नाशीत नूतनीकरण केलेला, तो साठीपर्यंत. सरकारच्या हिशेबानं आम्हा दोघींची मुदत साधारण एकाच सुमारास संपते. पुढं तिला फिटनेस दाखवायचं आणि मला डॉक्टरचा दाखला.

सध्या आम्ही एकमेकींच्या सवयी मोडतोय. शॉकॲब्सॉर्बर मऊ करून घेतले. तिसऱ्या-चौथ्यात जायला ती आता कुरकुरत नाही. मीही रस्त्याच्या कडेनं दबून चालायचं सोडलंय, लेनच्या मधून जाते; कडेला वाळू असते आणि मागच्याला वाटतं आपल्याला जागा दिलीय. दंडोबाच्या डोंगरापर्यंत जाऊन आले, तासगावची द्राक्षं बघून आले. पाऊस संपला की गगनबावड्याला जायचं ठरलंय. मिस्त्रींची अट आहे की आधी क्लच प्लेट बदलायची, आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायच्या नादात न्यूट्रल करायचं नाही, दुसऱ्या गिअरवर इंजिनालाच गाडी धरू द्यायची. दुसऱ्या गिअरचं तर हिला शिकवायलाच नको.

भाचा म्हणतो, “आत्या, माझी ने. हिच्यावर तुला तीन तास लागतील.” लागू देत. वाटेत कळ्याला चहाला थांबायचंच आहे.