कोऱ्या पानांची वही

पुतणीने पुण्याहून हातकागदाचे बारा ताव पाठवले, त्याला आता दीड वर्ष झालं. लाल, हळदी, एकात तर झेंडूच्या पाकळ्या. ते पेटीत तसेच पडून आहेत. ज्या खाकी कागदात ते गुंडाळून आले, त्याच्या मात्र आठवडाभरात तीन डब्या झाल्या. नवऱ्याला याचं हसू येतं. हसू दे.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं आमचं गाव, कोरडवाहू कपाशी. शाळा उघडायची २६ जूनला, आणि पेरणीची गडबडही तेव्हाच. घरात होतं नव्हतं ते बियाण्यात गेलेलं, नव्या कापसाचे चुकारे हाती यायला दिवाळी उलटायची. मग वह्या कुठून आणायच्या? आई त्या मे महिन्यातच करून ठेवायची, आम्हा तिघा भावंडांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून.

भर दुपारी, दार लोटून हे काम चालायचं, कारण वाऱ्याने पानं उडत. पिना सुरीच्या टोकाने अलगद उचकायच्या. त्या पिनाही डबीत जायच्या. एकरेघी पानं एकीकडे, दुरेघी दुसरीकडे, चौकडीची तिसरीकडे. चुलीवर मैद्याची खळ शिजायची. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, आणि मग ते भांडं आम्हाला शिवायचीही बंदी. दाभणाने पाच भोकं पाडायची, दोरा मधल्या भोकातून सुरू करायचा आणि मधल्यातच गाठ मारायची. पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा, त्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, तारखा आत आणि पांढरी बाजू बाहेर. दोरा ओढायचं काम माझं. "जोरानं वढ वं, पान नोको फाडू," हे एका दमात दोन्ही सांगायची.

एकरेघी पानं कमी पडली की निबंधाच्या मधेच चौकडीची पानं यायची. सहावीत मास्तरांनी माझी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. घरी येऊन मी ती आपटली. आई भाकरी थापत होती. "त्या पानाले का रोग झाला?" एवढंच म्हणाली.

त्याच वर्षी सहल सेवाग्रामला गेली. गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटं उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे तिथे कळलं. वर्ध्यातल्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथे हातकागदाचंही काम चाले, हे मी फार पुढे वाचलं. पाकिटाची गोष्ट घरी सांगितली तर आई म्हणाली, "मंग आपुन का येगळं करतो?" मास्तरांवरचा राग निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तिचं एक वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वाकडंतिकडं जातं. "कागदालेबी नस असते," ती म्हणायची. लग्नानंतर मी हौसेने डायऱ्या बांधायला घेतल्या, तेव्हा पहिल्या डायरीचं कव्हर खळ वाळता वाळता पापडासारखं वळलं. पुठ्ठ्याची नस आडवी आली होती. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात, आणि ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून नस नेहमी वहीच्या पाठीला समांतर ठेवायची. आता पुठ्ठा हातात आला की आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघते. ज्या रेषेवर सहज वाकतो, त्या रेषेच्या दिशेने नस.

रद्दीचा लगदा आणि वाटलेल्या मेथ्या घमेल्यावर थापून आई टोपल्याही करायची. एक माझ्याकडे आहे, कुरड्या त्यातच असतात.

यंदा तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी घरोघर फिरवतात त्या दिवशी, शेजारच्या पोराच्या नंदीला झूल हवी होती. मी पेटी उघडली. लाल ताव काढला, नंदीच्या पाठीवर मापून पाहिला, कात्रीही हातात घेतली. मग ताव गुंडाळून परत ठेवला आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. झूल झकास झाली, फक्त नंदीच्या पाठीवर मधोमध 'चि. सौ. कां.' आलं. पोराला बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा, मात्र दरसालापेक्षा जास्त मिळाला.