माझाच वजीर, माझ्याच हाताने

रात्रीचा दीड वाजून गेलाय. झोप येत नाही.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. तीन आठवडे डोकं घासल्यावर आज बुद्धिबळाचा पट आणि माझा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम एकमेकांशी नीट बोलले. पटाला कळतं ते एवढंच, की कुठल्या घरातली सोंगटी उचलली आणि कुठे ठेवली. ६४ घरांखाली ६४ रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालू होणारी बटणं, आणि सोंगट्यांच्या बुडाला चुंबक. वर घोडा आहे की उंट, याचा त्याला पत्ता नसतो. ते प्रोग्रामने लक्षात ठेवायचं. किल्लेकोटाने, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याने, तर आठवडा खाल्ला. मी सवयीने आधी हत्ती उचलायचो, तो एफ१ या घरावर टेकला की प्रोग्राम ती हत्तीचीच चाल धरायचा आणि राजा हलायच्या आत उत्तर देऊन मोकळा. नियमही तोच आहे, आधी राजाला हात लावायचा. नाना हेच सांगायचे. असो.

आज पहिला पूर्ण डाव मांडला. सी६ वरचा प्रोग्रामचा घोडा मला दिसलाच नाही. प्रोग्रामची चाल दाखवणारे सी६ आणि डी४ चे दिवे लागले. डी४ वर माझा वजीर.

स्क्रीनवर वजीर गेला की नुसता नाहीसा व्हायचा. इथे तो मीच उचलायचा, बाजूला ठेवायचा, आणि प्रोग्रामचा घोडा त्या घरात मीच नेऊन बसवायचा. बुद्धिबळाच्या प्रोग्रामशी बोलायची ठरलेली भाषा, यूसीआय प्रोटोकॉल, २००० सालापासून आहे. त्यात प्रोग्राम 'बेस्टमूव्ह' म्हणून चाल सांगतो आणि गप्प होतो. ती पटावर कोणी करायची, हे त्यात कुठेच नाही.

हरण्याचं वाईट वाटलं नाही. पण कुठली सोंगटी किती मोलाची हे प्रोग्रामला सांगणारे, प्याद्याला १००, घोड्याला ३२०, वजिराला ९०० हे आकडे मीच लिहिलेत. मग हातसुद्धा माझाच का लागावा? दिवे लुकलुकत होते आणि मी नुसता बघत होतो. लॉगमध्ये नोंद आहे, ४७ सेकंद.

नाना दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. स्वतःचा वजीर स्वतः उचलताना त्यांचा हात कधी थबकलेला मला आठवत नाही. की मीच नीट पाहिलं नाही...

शेवटी उचलला. घोडा ठेवला, दिवे विझले. पुढे ११ चाली खेळलो आणि हरलो.

वजीर जाणार असेल तर दिवे जरा उशिरा लावावेत, असं मघाशी मनात आलं होतं. चार ओळींचं काम. नको. घोडा ठेवेपर्यंत ते दिवे थांबतात, तेवढं पुरे आहे.