सँटोरिनी का नाही केलंत?

ग्रीसहून परतल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच उत्तर लिहून टाकते. प्रश्न साधारण असा असतो: "काकू, नॅक्सोसला चार दिवस होतात. तिथून बोटीनं दोनेक तासांवर सँटोरिनी. ते सोडून तुम्ही दोघी एकाच दरीत तीनदा तीच वाट चाललात? का?"

'करणं' हे आपलं लाडकं क्रियापद. चारधाम केलं, युरोप केला, आता ग्रीस करायचा राहिलाय. मी नावं ठेवत नाही, मीही अष्टविनायक दोन दिवसांत केलेत आणि त्यातला एक गणपती मला गाडीत झोपेतच झाला. पण ही दरी काही आमची एका दिवसात होईना.

दोघी म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. अक्का अडुसष्टची, मी बासष्टची. माहेर राजापूरजवळचं, लग्नानंतर अक्का कोल्हापूरची झाली आणि मी डोंबिवलीची. हे सांगून ठेवते, कारण पुढे राजापूर आणि कोल्हापूर दोन्ही येणार आहेत. डोंबिवली येणार नाही.

एजियन समुद्रातली सायक्लेडीज बेटं म्हणजे बहुतेक उघडाबोडका दगड. फोटोत ती पांढरी-निळी दिसतात, बोटीतून बघितली तर खाकी. नॅक्सोस त्यांतलं सगळ्यात मोठं, आणि मधोमध झास नावाचा डोंगर, १००४ मीटर. झास म्हणजे झ्यूस. देवांचा हा राजा इथेच लहानाचा मोठा झाला असं बेटावरचे लोक सांगतात. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की हा डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतो. हिवाळ्यात पाऊस पडतो, झरे धरतात, आणि डोंगराच्या पायाशी बेटाच्या पोटात एक दरी हिरवी राहते. तिचं नाव त्रायेआ. अख्खी दरी ऑलिव्हच्या झाडांनी भरलेली, मध्ये मध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखी गावं.

बंदरातून यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. बस बटाट्याच्या शेतांमधून वर चढू लागते (नॅक्सोसचा बटाटा अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेला, आणि खरंच चांगला), वळणं घेते, आणि पाऊणएक तासात एकदम खाली सगळं करडं-हिरवं. करडं अशासाठी की ऑलिव्हचं पान वरून हिरवं आणि खालून रुपेरी. वारा आला की अख्खी दरी रंग बदलते.

समुद्रावरून दिसत नाही, म्हणूनच या दरीतली वस्ती इतकी जुनी आहे. सातव्या शतकापासून किनाऱ्यावर चाच्यांच्या धाडी सुरू झाल्या तशी माणसं आत सरकली. १२०७ च्या सुमारास व्हेनिसचा मार्को सानुदो आला आणि त्यानं इथे स्वतःची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, थाटलं. पुढे व्हेनिसच्या सरदारांनी गावांतून चौकोनी बुरूजघरं बांधली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी ऑलिव्हच्या राईंत छोटी छोटी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली, देवळं बांधून ठेवली होती. देवळं म्हणते, कारण चर्च म्हटलं की माहीमचं नाहीतर वसईचं डोळ्यांसमोर येतं. ही आपल्या वेशीवरच्या मारुतीच्या देवळाएवढी. वाकून आत जायचं.

आमची वाट हाल्की गावापासून सुरू होते आणि वर मोनी गावाकडे जाते. चौकातून मागच्या गल्लीत शिरलं की डांबर संपतं आणि दगडी फरसबंदी लागते. तिथे तिला काल्देरीमी म्हणतात, शब्द तुर्की. खेचरांसाठी बांधलेली. दोन्ही बाजूंना चुना-माती न घालता नुसते दगडावर दगड बसवून रचलेले कंबरभर उंचीचे बांध. अक्का तिथे उभीच राहिली. म्हणाली, "अगं, ही तर पाखाडी! आणि हे गडगे!" खरोखर पाखाडीच. आमच्याकडे जांभा, त्यांच्याकडे राखाडी संगमरवर, एवढाच फरक. पावलांनी आणि खुरांनी गुळगुळीत झालेला. असे कोरडे बांध रचण्याच्या कलेला युनेस्कोनं २०१८ मध्ये ग्रीससह आठ देशांच्या नावे वारशाच्या यादीत घेतलंय. आमच्या आजोबांचा गडगा पावसाळ्यात पडला की ते गडग्यालाच शिव्या देत परत रचायला बसायचे. त्यांना वारसा वगैरे कुणी म्हटलं नाही.

तर पहिला दिवस. लाल-पांढऱ्या खुणा बघत चालायचं, सोपं आहे, असं हॉटेलच्या बाईंनी सांगितलेलं. दहा-पंधरा मिनिटांत राईत पहिलं देऊळ आलं, आयिओस योर्गिओस दियासोरितिस, अकराव्या शतकातलं. लाल कौलांचा घुमट, चहूबाजूंनी पोखरलेल्या बुंध्यांची झाडं, त्यांच्या पोटात लहान मूल सहज मावेल. दाराला कुलूप. आत त्याच काळातली भित्तिचित्रं आहेत म्हणे. आम्ही फटीतून काळोख बघितला.

पुढे मी खूण चुकले. अक्का म्हणत होती डावीकडे, मी म्हणाले उजवीकडे, आणि बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईशी वाद घालू नये हे तिला माहीत आहे. आम्ही एका फाटकाशी पोचलो. फाटक म्हणजे जुन्या पलंगाची लोखंडी जाळी, गडग्यातल्या खुंटाला तारेच्या फासानं अडकवलेली. फास इतका घट्ट की दोघींनी मिळून जाळी दाबली तेव्हा सुटला. आत गेलो, तर तो बकऱ्यांचा गोठा. मागे वळून बघतो तो दोन बकऱ्या फाटकातून बाहेर पडून वाटेला लागलेल्या, अगदी आमच्याच वेगानं. पुढचा अर्धा तास आम्ही त्या बकऱ्या वळवल्या. अक्काला लहानपणची सवय होती म्हणून जमलं. त्या दिवशी मोनी गावापर्यंत पोचलोच नाही. परत हाल्कीत आलो तर बस निघून गेलेली. फलकावर मी शनिवार-रविवारचा रकाना वाचला होता. शेवटी एका शेतकऱ्यानं पिकअप थांबवून एकच शब्द विचारला, "होरा?" होरा म्हणजे बंदराचं गाव. मागे बटाट्याची पोती, पुढे आम्ही तिघं, गिअर टाकताना दर वेळी माझा गुडघा बाजूला.

दुसऱ्या दिवशी परत गेलो ते निव्वळ जिद्दीनं. या वेळी अक्का पुढे. डावीकडे वळलो, वाट बरोबर निघाली, आणि याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ते जास्त लागलं.

तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. एप्रिलअखेर होती. बांधांच्या कडेला लालभडक पॉपी, रानटी बडीशेप खांद्याला लागेल एवढी, पिवळी-पांढरी कॅमोमाइल. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर यातलं काही नसतं, गवत वाळून खडखडीत आणि उत्तरेचा वारा. झाडाखाली जाळी पसरून दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांनी हात वर करून म्हटलं, "कालो द्रोमो." वाट चांगली जावो. आपल्याकडे म्हणतात ना, सावकाश जा. अगदी तसंच, नजर कामावरून न काढता.

थोडा चढ चढून मोनीच्या खाली पानायिया द्रोसियानी. पानायिया म्हणजे मेरीमाता. द्रोसियानी म्हणजे दवाची, गारव्याची. बाहेरून बघाल तर देऊळ वाटतच नाही, ओबडधोबड दगडांच्या तीन-चार उंचवट्यांचा ढीग वाटतो. हे उघडं होतं. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. वाळूच्या ताटात खोचलेल्या मधमेणाच्या बारीक तपकिरी मेणबत्त्या, त्यांचा वास, आणि गारवा. मग हळूहळू डोळे सरावतात आणि भिंतींवर माणसं उमटू लागतात. मोठे डोळे, विटकरी आणि पिवळी वस्त्रं, कुठे अर्धा चेहरा, कुठे नुसता हात. ही चित्रं सहाव्या-सातव्या शतकातली. घुमटात ख्रिस्त दोनदा काढलाय, एक तरुण आणि एक दाढीवाला, शेजारी शेजारी. का, यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय. अक्काचं मत असं की चित्रकाराला एकच काढून समाधान झालं नसेल.

या मातेची गोष्ट अशी सांगतात: एकदा मोठा दुष्काळ पडला. बेटावरच्या सगळ्या देवळांतल्या देवीदेवांच्या तसबिरी लोकांनी समुद्रावर नेल्या आणि प्रार्थना केली. एकेक तसबीर पुढे केली, काही झालं नाही. द्रोसियानीची पाळी आली आणि पाऊस कोसळला. मी हे अक्काला मराठीत सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे देव पाण्यात घातले." तिच्या लग्नाआधी आमच्या आईनं घातले होते, तिला ते पक्कं लक्षात आहे.

तिथे आम्ही तासभर होतो. फोटो काढू देत नाहीत, हे उत्तम. बाहेरच्या कट्ट्यावर बसून डब्यातली थेपली खाल्ली, आणि कालोक्सिलोसच्या बाजूनं खाली उतरलो.

आता तिसऱ्यांदा का? तिसऱ्या दिवशी सँटोरिनीचं तिकीट काढायचं खरंच ठरलं होतं. पण आदल्या दिवशी उतरताना हाल्कीच्या एका अंगणात अक्कानं एक झाड बघितलं होतं. लिंबाच्या जातीचं, काटेरी, त्याला ओबडधोबड, खरबरीत सालीची, हातभर वाटावीत अशी पिवळी फळं. रात्री तिला झोप येईना. बारा वाजता मला उठवून म्हणाली, "ते म्हाळुंग होतं."

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत काय काय आहे ते कोल्हापूरकराला विचारावं लागत नाही: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. अक्का चाळीस वर्षं ते फळ दगडात बघतेय. झाडावर लगडलेलं बघायला तिला ग्रीसला यावं लागलं.

आणि ती बरोबर होती. ग्रीकमध्ये त्याला कित्रो म्हणतात. हे मूळचं आपल्याकडचं, हिमालयाच्या पायथ्याचं आणि ईशान्येचं. तिथून इराणमार्गे भूमध्य समुद्राकडे गेलं; इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पती-अभ्यासकानं त्याची नोंद 'मीडियाचं किंवा पर्शियाचं सफरचंद' अशी केली. 'सिट्रस मेडिका' या शास्त्रीय नावातलं 'मेडिका' इराणमधल्या त्या जुन्या मीडिया प्रांतावरून, औषधावरून नव्हे. फळात रस जवळजवळ नाहीच, नुसती जाड पांढरी साल. म्हणून नॅक्सोसचे लोक साल साखरेत शिजवून पाहुण्यांना चमचाभर देतात, आणि पानांपासून मद्य गाळतात. हाल्कीत वालिन्द्रास यांची भट्टी १८९६ पासून चालू आहे. थंडीच्या दिवसांत पानं खुडायची, अल्कोहोल-पाण्यात घालून तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करायचं. हिरवं ते गोड आणि सौम्य, पिवळं ते कडक आणि कमी गोड, पांढरं मधलं. मी तिन्ही चाखली. अक्का घेत नाही. तिनं पेला नुसता नाकाशी धरला आणि म्हणाली, वास लिंबाच्या पानाचाच, पण शिकलेल्या लिंबाचा.

भट्टीतून निघालो तेव्हा अकरा वाजले होते, बोट गेलेली होती. मग काय करणार? परत दियासोरितिस, परत कुलूप, परत वर द्रोसियानी. या वेळी खुणा बघायची गरज पडली नाही. जाळी दुरुस्त करणारे आजोबा त्याच झाडाखाली होते. त्यांनी या वेळी आधी आमच्याकडे बघितलं, मग दोन बोटं वर केली, मग तिसरं. मी मान हलवली. ते हसले आणि परत जाळीकडे वळले.

तर हे उत्तर. आता दुसरा प्रश्न येतोच: आम्हाला झेपेल का? झेपेल. थांबत थांबत तीन तास धरा. तळव्याला पकड असलेले बूट घाला, पाऊस पडून गेला असेल तर त्या संगमरवरावर घसरायला होतं. पाणी बरोबर न्या, वाटेत दुकान नाही. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. हाल्कीत तळलेला बटाटा, ग्राविएरा चीज आणि होर्ता मिळतं. होर्ता म्हणजे रानातली पालेभाजी, उकडून वर तेल-लिंबू. मोहरी-लसणाची फोडणी घालाविशी वाटते, पण सांगायला जाऊ नका. बसच्या फलकावर आजचा वार कोणता ते आधी बघा. आणि उजवीकडे ते पलंगाच्या जाळीचं फाटक दिसलं तर उघडू नका. उघडलंच तर तार परत घट्ट अडकवा. त्या दोन बकऱ्या फाटकाशीच उभ्या असतात.